शेजारच्या सीटपुढचा ब्रेक

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला फोनवरच्या एका व्हिडिओत पाहिलेलं आहे. माझं मागचं चाक चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर चढलेलं आहे, शेजारी एक कुंडी फुटून पडली आहे आणि आत एक बाई घामाघूम होऊन स्टिअरिंग फिरवते आहे. आठवलं ना? तुम्ही हसलाही असाल. मी त्याबद्दल फार दिवस मनात राग धरून होते. आता वय झालं, रागाला पूर्वीसारखं इंजिन राहिलं नाही. मी एक जुनी, फिकट पिवळ्या रंगाची, छोटी गाडी आहे. त्या एवढ्याशा व्हिडिओत माझं जेवढं दिसतं, तेवढीच माझी ओळख जगात उरली आहे. बाकीचं मलाच सांगायला हवं, कारण ते सांगणारं दुसरं कुणी नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा कापून, दाबून, जोडून मला आकार दिला गेला. रंग सुकल्यावर तपासनिसाने माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि पुढे ढकललं. माझ्या पुढे आणि मागे माझ्याचसारख्या बहिणी होत्या, पण त्या पांढऱ्या, राखाडी, काळ्या. पिवळी मीच. मला वाटलं, चला, आपण उठून दिसू. उठून दिसण्याचे भोग काय असतात, हे तेव्हा कळायचं होतं.

शोरूममध्ये पाऊल ठेवताच माझ्यावर शिक्का बसला. तिथला विक्रेता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "ही लेडीज गाडी आहे. हलकी आहे, लहान आहे, भाजी आणायला बरी." बिचारा माझी स्तुतीच करत होता. पण माझं आणि शेजारच्या काळ्या गाडीचं इंजिन एकाच साच्यातलं होतं. तिच्यापुढे उभं राहून लोक बॉनेट उघडायला सांगायचे, आणि माझ्यापुढे उभं राहून आरसा किती मोठा आहे ते विचारायचे. एका गृहस्थांना मी मनापासून आवडले होते. ते दोनदा आत बसून गेले. तिसऱ्यांदा मित्राला घेऊन आले. मित्र म्हणाला, "हिच्यातून ऑफिसला गेलास तर पोरं नाव ठेवतील." गृहस्थ राखाडी गाडी घेऊन गेले. जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं, ते मला अजून आठवतं.

मग एक दिवस बाई आल्या. हो, बाई. पुढे सगळे शिकाऊ त्यांना याच नावाने हाक मारायचे, म्हणून मीही तेच म्हणते. ठेंगण्या, सावळ्या, केस घट्ट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी. विक्रेत्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दाराकडे बघत विचारलं, "साहेब खाली गाडी लावतायत का?"

"साहेब नाहीत," बाई म्हणाल्या. "मीच आहे. किल्ली द्या."

शोरूमच्या मागे दोन गाड्यांच्या मधे जेमतेम जागा होती. बाईंनी मला उलटी घेत, एकदाही न थांबता, त्या फटीत नेऊन उभी केली. उतरल्या आणि म्हणाल्या, "चालेल ही. वळण छान घेते." माझ्या वळणाबद्दल बोललेलं ते पहिलं माणूस. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

घरी नेण्याआधी त्यांनी मला गॅरेजवाल्या काकांकडे नेलं. काका खोकत खोकत माझ्याखाली शिरले आणि चालकाच्या शेजारच्या सीटपुढे आणखी एक क्लच आणि आणखी एक ब्रेक बसवून बाहेर आले. शिकवणीच्या गाडीत असं असतं. शिकणारा चालकाच्या जागी बसतो, शिकवणारा शेजारी. शिकणारा घाबरला, गोंधळला, तर शिकवणाऱ्याने आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचा. छपरावर पाटी आली, पुढे-मागे तांबडं 'एल' अक्षर आलं, आणि मी कामाला लागले.

काम काय सांगू तुम्हाला. शिकाऊ गाडीइतकी सोशिक गाडी जगात नसेल. अर्ध्या क्लचवर मला तासन्‌तास ठेवायचे, चढावर मला मागे घसरवायचे, गियरचा दांडा असा ओढायचे की दात कडाकडा वाजायचे. मी चौकाच्या मधोमध बंद पडायचे. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. तांबडं अक्षर दिसलं की जास्तच वाजवायचे, आणि पुढे जाता जाता मान वळवून आत बघायचे. आत बाईमाणूस दिसलं की त्यांचं समाधान व्हायचं. "वाटलंच," असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असायचं. आत पुरुष असला तर तेच लोक म्हणायचे, "नवीन आहे बहुतेक." बंद मी सारखीच पडायचे, मित्रांनो.

बाईंच्या हाताखाली किती तरी जण शिकले. एक नर्स होती, तिला ड्यूटी संपवून उशिरा घरी जायला स्वतःची गाडी हवी होती. एक निवृत्त मास्तर होते, त्यांना मुलगा म्हणायचा, "या वयात कशाला?" एक नवरा-बायको होते. बायको शिकायची आणि नवरा मागे बसून सूचना करायचा. बाईंनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही घरी थांबा, चहा टाकून ठेवा, आम्ही येतोच." बायकोला गाडी आठवडाभरात आली. चहाचं काय झालं ते कळलं नाही.

बाईंचे काही नियम होते. गाडीतलं बोलणं गाडीत राहायचं. कोण रडलं, कोण किती वेळा चुकलं, कुणाचे हात थरथरले, हे त्या घरीसुद्धा सांगायच्या नाहीत. दुसरा नियम त्यांच्या धंद्याचाच होता. शिकाऊकडून कुठे गाडी अडकली, तर तिथे त्याला चारचौघांत धडपडत ठेवायचं नाही. ताबडतोब जागा बदलायच्या. गाडी शिकवणाऱ्याने बाहेर काढायची, शिकाऊने उतरून श्वास घ्यायचा. आणि घरमालक असो, दुकानदार असो, जो कुणी ओरडत येईल त्याला शिकवणाऱ्यानेच सामोरं जायचं. "दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली आहे ना," त्या म्हणायच्या, "मग चूक माझीच." पहिल्या दिवशी प्रत्येकाला त्या हे सांगायच्या. ते ऐकून शिकणाऱ्याचे खांदे खाली यायचे. मला तर स्टिअरिंगवरच्या बोटांवरून कळायचं.

आणि त्यांची लेक. ती माझ्या मागच्या सीटवर वाढली म्हटलं तरी चालेल. घरात दोघीच, म्हणून शाळा सुटली की बाई तिला माझ्यात घालायच्या. पुढे कुणीतरी क्लच सोडायला शिकतंय आणि मागे ही गुडघ्यावर वही ठेवून गणितं सोडवतेय. गाडी धाडकन थांबली की तिची पेन्सिल वहीभर रेघ ओढायची. शाळेतल्या गुरुजींनी विचारलं तर सांगायची, "आईच्या शाळेत ब्रेक लागला." नेहमीच्या वळणावर गियर बदलायची वेळ आली की ती मागून पुटपुटायची, "दुसरा टाका, दुसरा." बाई आरशातून डोळे वटारायच्या, पण हसू लपायचं नाही.

बाईंची एकच इच्छा होती. लेक अठराची झाली की तिला माझ्यातच शिकवायचं, स्वतः शेजारी बसून. शहरात दुसऱ्या शंभर गाड्या असतील, पण तिला पहिली गाडी माझी. दोघी मायलेकी याबद्दल इतकं बोलायच्या की मीही दिवस मोजायला लागले. मला माझ्या म्हातारपणाची काळजी नव्हती. एवढं एक काम झालं की मी भंगारात जायला तयार होते.

लेकीच्या अठराव्या वाढदिवसाला दोनेक महिने उरले असताना पैलवान आला.

पैलवान हे त्याचं टोपणनाव. एका व्यायामशाळेत तो शिकवायचा. दार उघडून तो आत बसला तेव्हा माझ्या स्प्रिंगा कुरकुरल्या. मानेला घडी नाही, दंड म्हणजे माझी टायरं. आणि हा एवढा माणूस स्टिअरिंग हातात घेतल्यावर पानासारखा थरथरायचा. लहानपणी त्याने एक अपघात पाहिला होता. दोन ठिकाणी तो शिकायला गेला होता, दोन्हीकडे त्याला हसले होते. "एवढा धिप्पाड गडी आणि भितोस काय?" म्हणून तो गावाच्या या टोकाला, ओळखीचं कुणी दिसणार नाही अशा वेळी, बाईंकडे यायचा.

"बाई, कुणाला सांगणार नाही ना?" पहिल्याच दिवशी त्याने विचारलं. "आमच्या जिममध्ये कळलं तर माझं काही खरं नाही. माझे फोटो बघून पोरं येतात तिथे."

"पैलवान, गाडीतलं गाडीत," बाई म्हणाल्या. "आता आरसा नीट करा."

तो चांगला शिकत होता. हळू, पण चांगला. मला तो आवडायचा. दार आपटायचा नाही, उतरताना मॅट झटकायचा.

त्या दिवशी दुपारी आम्ही बाजारपेठेत गाडी उलटी लावायला शिकत होतो. मागे चष्म्याचं दुकान, त्याला दोन बुटक्या पायऱ्या, पायऱ्यांवर कुंड्या. पैलवान अगदी बरोबर मागे येत होता. तेवढ्यात एक स्कूटर जवळून हॉर्न वाजवत गेली. तो दचकला, आणि ब्रेकवर जायचा त्याचा जड पाय ॲक्सिलरेटरवर पडला. बाईंनी त्याच क्षणी त्यांचा ब्रेक दाबला. त्यांनी तो दाबला नसता तर मी दुकानाच्या काचेतून आत गेले असते. तरी माझं मागचं चाक पायरीवर चढलंच आणि एक कुंडी गेली. कुणाला खरचटलंही नाही.

पैलवान पांढराफटक पडला. बाई शांतपणे म्हणाल्या, "काही झालेलं नाही. उतरा. जागा बदलू." तो उतरला, बाई चालकाच्या जागी आल्या. पायरीवर अडकलेलं चाक काढणं सोपं नसतं. पुढे घेताना जरा वळलं की दुसरी कुंडी, मागे घसरलं की काच. बाई इंच इंच करत मला सोडवत होत्या. बाहेर माणसं जमली होती. पैलवानाला काय करावं सुचेना, म्हणून तो हात हलवून सांगायला लागला, "या, या, थोडं डावीकडे, बस." आणि नेमका तेव्हा, रस्त्यापलीकडून, कुणीतरी फोन वर धरला.

मित्रांनो, त्या फोनने खोटं काहीच दाखवलं नाही. पायरीवर चढलेली पिवळी गाडी खरी होती. छपरावरची पाटी खरी होती. आत बसलेली घामाघूम बाई खरी होती. बाहेर हात हलवणारा मजबूत माणूसही खरा होता. त्याआधीचं तेवढं नव्हतं, आणि ते कुणी विचारलं नाही. बघणाऱ्यांनी ते मनाने भरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लेक कॉलेजातून आली ती माझ्या मागच्या सीटवर येऊन बसली. दार लावून घेतलं. बाई पुढे बसून पाणी पीत होत्या. लेकीने फोन काढला आणि वाचायला लागली. वर लिहिलं होतं, "या बाई लोकांना गाडी शिकवतात म्हणे." खाली माणसांची रांग. "पाटी काढा आधी छपरावरची." "स्वयंपाकघरात रिव्हर्स नसतो, म्हणून असं होतं." "बायकांची गाडी, बायकांचं डोकं." हसून हसून रडणारी तोंडं तर किती होती. आणि मधे मधे, "त्या भावाला सलाम, तो नसता तर बाईने दुकान पाडलं असतं."

"आई, तू चालवत नव्हतीस ना?" लेक म्हणाली.

बाईंनी पाण्याचा आणखी एक घोट घेतला.

"मला माहितीये, तू नव्हतीस. तू अशी चढवूच शकत नाहीस. कोण होतं सांग. एक ओळ लिहू आपण खाली."

"आणि मग उद्या त्याला हसतील," बाई म्हणाल्या. "हीच माणसं. एवढा मोठा गडी आणि असा नि तसा. मी शब्द दिलाय गं त्याला."

"आणि माझं काय?" लेकीचा आवाज फाटला. "वर्गात मला पायरी म्हणतात. पायरी आली, पायरी गेली. फळ्यावर गाडी काढून ठेवली होती."

बाईंनी मागे हात नेला. लेकीने तो धरला नाही. तिने आणखी एक ओळ वाचली. एका व्यायामशाळेच्या नावाने कुणीतरी तो व्हिडिओ पुढे पाठवला होता, "आमचा वाघ मदतीला धावला." त्याखाली वाघाने स्वतः एक हसरं तोंड टाकलं होतं. लेकीला त्या माणसाबद्दल काही ठाऊक नव्हतं, ती तशीच पुढे वाचत गेली. बाईंनी मात्र बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की हॉर्न आपणहून वाजला असता तर बरं झालं असतं.

पैलवान पुन्हा आला नाही.

दुसरेही येईनासे झाले. फोन यायचे ते असे: "शिकवायला सर आहेत का कुणी?" बाई म्हणायच्या, "मीच आहे." पलीकडून, "बरं, कळवतो." एका मुलीने पैसे भरून ठेवले होते, तिचे वडील येऊन अतिशय गोड शब्दांत परत घेऊन गेले. सिग्नलला थांबलं की शेजारच्या गाडीतली पोरं मला ओळखायची, फोन रोखून बसायची. बाई इतकी वर्षं गाडी चालवत होत्या, पण त्या काळात मी त्यांच्या पायात पहिल्यांदा अवघडलेपण पाहिलं. बघणारे चुकायची वाट बघत असले की चांगल्या चालकाचाही क्लच जरा लवकर सुटतो. एकदा मी सिग्नलला बंद पडले. बाजूने हशा पिकला. त्या दिवशी घरी येऊन बाई बराच वेळ आत बसून राहिल्या, किल्ली काढलीच नाही.

लेकीचा वाढदिवस आला. बाईंनी पहाटे उठून मला धुतलं. सीटवर नवं कव्हर घातलं, चालकाची सीट लेकीच्या उंचीला पुढे ओढली, आरसा तिच्या डोळ्यांच्या रेषेत आणला. मी तयार होऊन उभी होते. लेक जिना उतरून आली, माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"मला नाही शिकायचं," ती म्हणाली.

"फक्त मैदानापर्यंत. तिथे कुणी नसतं."

"आई, कुणीतरी असतंच. मला यात बसलेलंच कुणी बघायला नको." आणि ती बसच्या थांब्याकडे चालत गेली. बाईंनी सीट पुन्हा मागे सरकवली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस कोणता, असं मला कुणी विचारलं, तर पायरीवर चढले तो नव्हे. हा.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. बाईंनी एका कुरियरच्या कचेरीत नोकरी धरली, पाकिटांवर शिक्के मारायची. छपरावरची पाटी उतरली. मला भिंतीकडेला लावून वर ताडपत्री घातली. टायरांतली हवा गेली, बॅटरी गेली, आरशात कोळ्याने घर केलं. आत अंधारात मला मागच्या सीटवरचा तो आवाज आठवायचा, "दुसरा टाका, दुसरा." कधीमधी पोरं ताडपत्री उचलून बघायची, "हीच ती," आणि फोटो काढून पळायची.

शेवटी बाईंनी मला विकायचं ठरवलं. जुन्या गाड्यांचा व्यापारी म्हणाला, "डबल ब्रेक काढून द्या. तसली गाडी कोण घेतो?" म्हणून काकांनी मला गॅरेजात नेलं, बॅटरी घातली, हवा भरली आणि शेजारच्या सीटपुढे वाकले. बोल्ट गंजले होते. ते सुटताना जो आवाज झाला तो काकांनाही सहन झाला नाही. म्हणाले, "ताई, तुम्ही बाहेर उभ्या राहा जरा." बाई हलल्या नाहीत. क्लच निघाला, ब्रेक निघाला. त्यांचं रबर बाईंच्या पावलाच्या आकाराला झिजलेलं होतं.

आणि तेव्हाच गॅरेजच्या दारात पैलवान येऊन उभा राहिला. वाळला होता. मला विकायला काढल्याचं त्याला काकांकडून कळलं होतं.

"बाई, मी माणूस नाही," तो म्हणाला.

"बसा आधी," बाई म्हणाल्या. "पुढे शिकलात की नाही गाडी?"

"नाही. भीती बसली ती बसलीच." तो रडत होता आणि पुसत नव्हता. "लोक मला सलाम ठोकत होते आणि मी ते घेत होतो. ते हसरं तोंड टाकलं ना, त्या दिवसापासून मला आरशात बघवत नाही. मी खरं सांगतो सगळ्यांना. आज. हिच्यातच बसून सांगतो."

"तुम्हाला हलकं वाटणार असेल तर सांगा," बाई म्हणाल्या. "माझ्यासाठी म्हणून नको."

तो माझ्या चालकाच्या सीटवर बसला, फोन समोर धरला आणि सगळं बोलला. स्कूटर, घाबरणं, चुकलेला पाय, बाईंचा ब्रेक, जागा बदलणं. माणूस इतकं खरं बोललेला मी तरी ऐकला नव्हता. मला वाटलं, आता सगळं फिरेल. मी जुनी गाडी, मला वाटलं की सत्य हे चावीसारखं असतं, घातलं आणि फिरवलं की पुरे.

मला व्यापाऱ्याकडे न्यायच्या दिवशी लेक खाली आली. म्हणाली, "मीही येते." कितीतरी दिवसांनी ती माझ्यात बसली, आपल्या जुन्या जागी, मागे. वाटेत तिने फोन काढला. पैलवानाचा व्हिडिओ तिने पाहिला होता. पाहणारे होते मूठभर. आणि त्यांनी खाली काय लिहिलं होतं, ते तिने वाचून दाखवलं. "भाऊ, तुमचं मन मोठं आहे, बाईची चूक स्वतःवर घेतलीत." "असा पुरुष हवा." "बाईने किती रडून विनवलं असेल बिचाऱ्याला." जिममधल्या एकाने लिहिलं होतं, "चल रे, तू आणि घाबरणार?"

लेकीने फोन उलटा ठेवला. मग हळूच म्हणाली, "आई, तू हे सगळं माहीत असून गप्प राहिलीस?"

"शब्द दिला होता गं."

"मी तुझा हात धरला नव्हता," लेक म्हणाली. "त्या दिवशी." जिथे डावीकडे वळायचं होतं, तिथे बाईंनी मला डावीकडे वळवलं. मला त्यांची बोटं कळतात. स्टिअरिंगवरची पकड सैल झाली होती.

व्यापाऱ्याचं आवार मोठं होतं, बरंचसं रिकामं. एका बाजूला जुन्या गाड्यांची रांग, दुसऱ्या टोकाला विटांची भिंत. व्यापारी जेवायला गेला होता. पहारेकरी खुर्चीत बसून फोन बघत होता. बाईंनी मला थांबवलं.

"आई, एकदा बसू?" लेक म्हणाली.

बाईंनी हँडब्रेक ओढला. "माझ्या बाजूचा ब्रेक काढलाय. चुकलीस तर मला थांबवता येणार नाही."

"तू नुसती शेजारी बस."

जागा बदलल्या. लेकीने सीट पुढे ओढली, आरसा नीट केला. न सांगता. लहानपणापासून मागे बसून पाहिलेलं सगळं तिच्या हातात होतं. एकदा मी बंद पडले, त्यात तिचा दोष नव्हता, मीच फार दिवसांनी चालत होते. मग ती निघाली. पहिला. "दुसरा टाका, दुसरा," ती स्वतःशीच पुटपुटली, आणि बाईंना एकदम हुंदका आला.

पहारेकऱ्याने मान वर केली. पिवळी गाडी, आत दोन बायका, एक शिकतेय. तो उठला आणि त्याने फोन समोर धरला. मला ते दिसलं. लेकीलाही दिसलं असणार, कारण तिचे हात घट्ट झाले. भिंत जवळ येत होती. बाईंचा पाय आपोआप पुढे गेला आणि जिथे इतकी वर्षं ब्रेक होता, तिथल्या उघड्या पत्र्यावर त्यांनी तो दाबून धरला. तिथे काही नव्हतं, मित्रांनो. मला थांबवणारं तिथे काहीच उरलं नव्हतं.

लेकीने ब्रेक दाबला. मी भिंतीच्या आधी, सरळ, हळूच थांबले. एक वीटही हलली नाही.

पहारेकरी थोडा वेळ वाट बघत उभा राहिला. मग काही घडत नाही म्हणून त्याने फोन खिशात घातला आणि परत जाऊन बसला.

लेक पुन्हा एक फेरी मारणार होती, पण व्यापारी आला. व्यवहार ठरलेला होता, मोडता येण्यासारखा नव्हता. किल्ली देताना लेकीने ती दोन्ही हातांत धरली होती. बाईंनी माझ्या बॉनेटवर थाप मारली, कारखान्यातल्या तपासनिसासारखी, पण कितीतरी हलकी. दोघी फाटकापर्यंत चालत गेल्या. लेकीने आईचा हात धरला होता. मग त्या वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. इतकी वर्षं जिची वाट पाहिली, ती शिकवणी एका फेरीत संपली.

आता मी या रांगेत उभी असते. माझ्यासाठी येणारे अजूनही म्हणतात, "बायकांची गाडी दिसते." ऊन-पावसाने माझा पिवळा रंग जवळजवळ पांढरा झालाय, तरी म्हणतात. तो व्हिडिओ अजून फिरतो. पहारेकऱ्याला परवाच कुणीतरी पाठवला. तो खुर्चीत बसून खूप हसला आणि त्याने तो पुढे पाठवला. मी त्याच्यापासून चार हातांवर उभी होते. त्याने मला ओळखलं नाही.

मित्रांनो, मला धुऊन पुसून ठेवा, असं काही मी मागत नाही. माझे दिवस झाले. एवढंच मागते, की तुमच्या हातातल्या फोनमध्ये कुणी पायरीवर चढलेलं दिसलं, तर हसण्याआधी एकदा विचारा की याच्या आधी त्या जागेवर कोण बसलं होतं. उत्तर मिळणार नाही, मला माहीत आहे. पण विचारताना तुमचं बोट क्षणभर थांबेल. बाईंचा पाय अजूनही माझ्या पत्र्यावर उमटलेला आहे, धुळीत, पुढच्या डाव्या सीटपुढे. कुणी दार उघडलं तर दिसेल.